मोहाचा सामना आदल्या दिवशी

चर्चच्या तरुण संघात पावित्र्यावर बोलायचं ठरलं की योसेफाची गोष्ट हमखास निघते, आणि ती बहुतेक वेळा शेवटाकडूनच सांगितली जाते. मिसर देशात योसेफ ज्याच्या घरी गुलाम होता त्या पोटीफरच्या बायकोनं त्याचं वस्त्र धरलं, योसेफ वस्त्र तिथंच टाकून पळाला. ऐकणाऱ्या पोरांना वाटतं, पावित्र्य म्हणजे त्या एका क्षणाची धाव. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा ३९ वा अध्याय सावकाश वाचला तर लक्षात येतं की पळण्याआधी बरंच काही घडून गेलं होतं. ती बाई रोज बोलायची, हा रोज नाही म्हणायचा. तिच्या आसपास थांबायचंही टाळायचा. आणि आपलं उत्तर त्यानं आधीच बांधून ठेवलं होतं: धन्यानं सगळं घर माझ्या हाती दिलं, त्याचा घात कसा करू, आणि देवाविरुद्ध पाप कसं करू? ज्या दिवशी घरात कुणीच नव्हतं, त्या दिवशी त्याला नव्यानं विचार करायची गरज पडली नाही.

आपल्या सोलापुरात मागावर काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बीम भरतानाच तार चुकली असेल तर मागावर तुम्ही कितीही डोळ्यांत तेल घालून उभे राहा, चादरीत खोट येणारच. म्हणून हा लेख मोहाच्या क्षणाबद्दल थोडा आणि त्याच्या आदल्या दिवसाबद्दल जास्त आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. पावित्र्य म्हटलं की आपल्या मंडळ्यांमध्ये सगळ्यांचं लक्ष देहाकडे जातं, त्यातही पोरींच्या कपड्यांकडे. येशूनं डोंगरावर सांगितलं ते असं: जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील. अंतःकरणात वासना राहते तसा पैसाही राहतो, मत्सर राहतो, मोठेपणाची हाव राहते. बाहेरून आलेल्या मालावर ‘सोलापुरी चादर’ म्हणून लेबल मारणं, बिडी कामगार बाईच्या चांगल्या बिड्या छाटात टाकून तिची मजुरी कापणं, कच्च्या आणि पक्क्या अशा दोन वह्या ठेवणं, हेही अपवित्रच. नीतिसूत्रांत खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट येतो असं स्पष्ट म्हटलंय (११:१). पुढे देहाच्या मोहाची उदाहरणं जास्त येतील, कारण लोक चोरून विचारतात ते त्याबद्दलच. पायऱ्या मात्र सगळ्या मोहांना लागू आहेत.

आधी एक गोंधळ मिटवू

मनात विचार आला म्हणजे पाप झालं, असं समजून कित्येक जण सुरुवातीलाच हत्यार टाकतात. ‘आता विचार आलाच आहे, तर मग राहिलंच काय?’ सैतानाला एवढंच पुरतं.

याकोब आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात क्रम सांगतो. माणूस आपल्याच वासनेनं ओढला जातो, भुलतो. वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते. पाप वाढलं की मरणाला. म्हणजे ओढ आणि पाप यांच्यामध्ये एक टप्पा आहे, आणि माणसाची जबाबदारी त्या टप्प्यावर सुरू होते. इब्री लोकांस पत्र तर म्हणतं की आपला मुख्य याजक, म्हणजे येशू, सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला (४:१५). येशूला मोह झाला. चाळीस दिवसांच्या उपासानंतर त्याला भाकरीचा विचार सुचवला गेला, तेव्हा त्याला भूक नव्हती असं कुठंही लिहिलेलं नाही. उलट भूक लागली असंच लिहिलंय.

रस्त्यानं जाताना नजर गेली, हा एक भाग. तीच नजर पुन्हा वळवून नेणं, मनात ठेवून घरी आणणं, रात्री बाहेर काढणं, हा दुसरा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू ज्या पाहण्याला व्यभिचार म्हणतो, ते कामेच्छेनं, हेतू धरून पाहणं आहे. पहिल्याबद्दल स्वतःला चाबूक मारत बसू नका, आणि दुसऱ्याला ‘चालायचंच’ म्हणून सोडू नका.

पहिली पायरी: आपली वेळ आणि जागा ओळखा

एक आठवडा खिशात छोटी वही ठेवा. मोह आला की चार गोष्टी लिहा: किती वाजले होते, कुठं होतो, सोबत कोण होतं, त्याआधीच्या तासाभरात काय झालं होतं. नेमका मोह कोणता, हे खुणेनं लिहिलं तरी चालेल. वही कुणाच्या हाती पडली तरी फजिती नको. पडलो की सावरलो, हेही या आठवड्यात महत्त्वाचं नाही. फक्त नोंद.

बहुतेकांना आठवड्याअखेर आश्चर्य वाटतं, कारण मोह वाटतो तितका अचानक येत नाही. त्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याला तो सकाळी खोलीवर परतल्यावर गाठतो, जेव्हा अंग आंबलेलं असतं आणि झोप येत नसते. पगार झालेल्या संध्याकाळी मित्र मटक्याच्या टपरीकडे वळतात: ‘चल की बे, दहाच रुपये तर आहेत.’ हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलेल्या पोराला तो रविवारी दुपारी पीजीच्या खोलीत भेटतो. इकडे असता तर उपासनेनंतर घरी मटण-भाकरी आणि चुलतभावंडांचा गोंधळ असता, तिकडे दिवसभर कुणी हाकही मारत नाही. घरातल्या बाईला तो दुपारी सगळे बाहेर गेल्यावर हातातल्या फोनमधून येतो, कधी वासनेच्या रूपात, कधी जावेचे फोटो बघून पोटात पेटणाऱ्या जळफळाटाच्या रूपात. बायकांना मोह होतच नाही असं धरून दिलेले उपदेश खूप झाले.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा एवाग्रियस नावाचा संन्यासी होऊन गेला; ३९९ साली तो वारला. माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची त्यानं यादी केली: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, पोकळ कीर्तीची हाव आणि गर्व. त्यातल्या कंटाळ्याबद्दल तो म्हणतो की सकाळी दहाच्या सुमाराला तो येतो आणि दुपारी दोनपर्यंत मुक्काम ठोकतो. सूर्य हलतच नाहीसं वाटतं, संन्यासी सारखा खोलीबाहेर येऊन बघतो, जागा नकोशी होते, काम नकोसं होतं. मे महिन्यात जुळे सोलापुरात पत्र्याखाली दुपार काढलेल्याला हे वर्णन अनोळखी वाटणार नाही. मुद्दा असा की सोळाशे वर्षांपूर्वी त्या माणसानं घड्याळ लावून आपल्या मोहाकडे पाहिलं होतं. आपण निदान आठवडाभर पाहू शकतो.

वहीत बघताना भूक, थकवा, राग आणि एकटेपणा यांच्या खुणा शोधा. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. ऊठ, खा, असं सांगितलं. भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खाऊ घातलं. देवाशी बोलणं त्यानंतर झालं. ज्याला आपण आध्यात्मिक पतन म्हणून रडतो, त्यातलं निम्मं चार रात्रींच्या अपुऱ्या झोपेचं असू शकतं. तेव्हा पहिला उपाय वेळेवर झोपणं हाच. हे ऐकायला अगदीच मिळमिळीत वाटतं, ठाऊक आहे.

दावीद राजाचं उलटं झालं. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा ११ वा अध्याय सुरू होतो तो राजे लढाईला जातात त्या दिवसांत, आणि दावीद मात्र यरुशलेमातच राहिला होता. संध्याकाळी बिछान्यावरून उठून तो गच्चीवर फिरू लागला. जिच्याशी त्यानं पुढे व्यभिचार केला ती बथशेबा दिसायच्या आधीच त्या वाक्यांत सगळी मांडणी झालेली आहे: काम सोडलेलं, शरीर सुस्तावलेलं, हाताशी सत्ता, आणि विचारणारं कुणी नाही.

दुसरी पायरी: मोहाची सोय मोडा

रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायाच्या शेवटी प्रेषित पौल सांगतो की प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा, आणि देहवासना तृप्त करण्यासाठी तरतूद करू नका. हेच वचन ३८६ साली मिलानच्या एका बागेत, पुढे चर्चचा मोठा धर्मपंडित झालेल्या ऑगस्टीननं वाचलं आणि त्याचं आयुष्य पालटलं. त्याआधी तरुणपणी आपण देवाकडे शुद्धता मागायचो, पण ‘एवढ्यात नको’ असं म्हणायचो, हे त्यानंच लिहून ठेवलंय. आपलीही बरीचशी प्रार्थना तशीच असते. ‘प्रभू, वाचव’ असं गुडघ्यावर म्हणायचं आणि ते ॲप फोनमध्ये ठेवायचं, तो नंबर वेगळ्या नावानं सेव्ह करून ठेवायचा, कपाटात एक पाकीट बाजूला काढून ठेवायचं. तरतूद ती हीच.

आता वहीतल्या प्रत्येक वेळेसमोर लिहा: या वेळेची सोय मी कुठं करून ठेवली आहे? मग ती मोडा. मोडायचं काम शांत डोक्यानं, सकाळी, पोटात अन्न असताना करायचं; रात्री साडेअकराला नव्हे.

फोनपासून सुरुवात करू, कारण आजचे बहुतेक मोह त्याच दारानं येतात. रात्री फोन चार्जिंगला लावायची जागा झोपायच्या खोलीबाहेर ठरवा, आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्या. एवढ्या एका बदलानं जे होतं ते दहा संकल्पांनी होत नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं. तिथं फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम हे नाव इंग्रजीत टाकलं की अश्लील संकेतस्थळं बऱ्याच अंशी बंद होतात. सेवा मोफत आहे. घरच्या वायफायच्या राउटरला १.१.१.३ हा डीएनएस दिला तर घरातल्या सगळ्याच फोनना ती लागू होते. आयफोनमध्ये स्क्रीन टाइममध्ये जाऊन प्रौढांच्या संकेतस्थळांवर मर्यादा घालता येते. त्याचा पासकोड स्वतः ठेवू नका. विश्वासातल्या मित्राला टाकायला सांगा आणि तुम्ही दुसरीकडे बघा.

हे सगळं ओलांडता येतं, हे मलाही कळतं. व्हीपीएन (ही अडवणूक चुकवणारं ॲप) टाकला की संपलं. पण कुंपण ओलांडायला दोन-चार मिनिटं लागतात, आणि तेवढ्या मिनिटांत माणूस भानावर येऊ शकतो. कुलपानं पावित्र्य येत नाही; कुलपानं वेळ मिळतो.

पैशाच्या मोहाची सोय वेगळ्या रीतीनं मोडावी लागते. पगार झाल्याच्या दिवशीच घरखर्च, भिशी आणि मंडळीचं दान यांचे पैसे बाजूला गेले पाहिजेत, खिशात उरेल तेवढंच त्या संध्याकाळचं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारनं २०२५ साली कायद्यानं बंदी घातली, पण कायद्यानं मटका कधी थांबला होता म्हणून हे थांबेल? घरी जायचा रस्ता बदला. टपरी कन्ना चौकाच्या अंगाला असेल तर दुसऱ्या बाजूनं जा, दहा मिनिटं जास्त लागू द्या. दुकानात किंवा कचेरीत पैसे हाताळत असाल तर मोजणी दोघांनी करायची पद्धत पाडा आणि दोघांच्या सह्या घ्या. दानपेटी मोजतानाही हेच. यात कुणावर संशय नाही, मोजणाऱ्याचं रक्षण आहे.

माणसांबद्दलचे नियम जास्त नाजूक. १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या मॉडेस्टो गावात बिली ग्रॅहम आणि त्यांच्या साथीदारांनी आपल्यासारख्या प्रचारकांचा घात कशानं होतो याचा विचार करून काही गोष्टी ठरवल्या. पत्नीखेरीज दुसऱ्या स्त्रीबरोबर एकट्यानं जेवायचं नाही, प्रवास करायचा नाही, ही त्यातली गाजलेली. बाकीच्या मात्र विसरल्या गेल्या: पैशाचा चोख हिशेब, स्थानिक मंडळ्यांवर टीका नाही, आणि सभेच्या गर्दीचे आकडे फुगवून सांगायचे नाहीत. मला या शेवटच्या नियमाचं फार कौतुक आहे, कारण आकडे फुगवणं हेही मोहाला बळी पडणंच आहे, आणि त्यावर संदेश कधी ऐकू येत नाही.

एकटं न बसण्याचा नियम मात्र जसाच्या तसा घेताना विचार करा. आज तुमच्या वरिष्ठ एखादी महिला असेल, किंवा तुमच्या हाताखाली मुली काम करत असतील. ‘मी बाईशी एकट्यानं बोलत नाही’ असं म्हणून तिचं काम अडवलं तर तिचं नुकसान होतं, आणि प्रत्येक स्त्री म्हणजे सापळा अशी नजर तयार होते. पौल तीमथ्याला सांगतो ते निराळं: वडील स्त्रियांशी आईसारखं, तरुण स्त्रियांशी बहिणीसारखं, पूर्ण शुद्ध भावानं वाग. तेव्हा दार उघडं ठेवा, काचेच्या खोलीत बसा, रात्री उशिरा वैयक्तिक मेसेज पाठवू नका, आणि जो मेसेज बायकोला किंवा नवऱ्याला दाखवायला संकोच वाटेल तो लिहूच नका. काम मात्र नीट करा, आणि मान राखून करा.

तिसरी पायरी: उत्तर आधीच पाठ ठेवा

रानात सैतानानं तीनदा मोह घातला तेव्हा येशूनं तिन्ही वेळा शास्त्रातून उत्तर दिलं, आणि तिन्ही वचनं ‘अनुवाद’ या बायबलमधल्या पुस्तकातली आहेत: एक आठव्या अध्यायातलं, दोन सहाव्यातली. सैतानानंही ९१ वं स्तोत्र म्हणून दाखवलं होतं, तेव्हा नुसतं वचन येणं पुरत नाही. कुठल्या मोहाला कुठलं वचन, हे ठरलेलं असावं लागतं. एवाग्रियसनं नेमकं हेच केलं होतं: आठही विचारांपुढे कोणतं वचन उभं करायचं याची मोठी यादी त्यानं बनवली, शेकडो वचनांची.

आपल्याला तीन पुरेत. वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेले तीन मोह घ्या आणि प्रत्येकापुढे एक वचन लिहा. देहासाठी ईयोबाच्या ३१ व्या अध्यायाचं पहिलं वचन: मी आपल्या डोळ्यांशी करार केला आहे. पैशासाठी लूक १६:१०: जो थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू. मत्सरासाठी ७३ वं स्तोत्र; ते अख्खं वाचावं लागतं, पण त्यात स्तोत्रकर्ता आसाफ आधी किती जळला होता हे कळून धीर येतो. वचन ज्या भाषेत तुम्ही स्वतःशी पुटपुटता त्या भाषेत पाठ करा. आपल्याकडे घरात तेलुगू किंवा कन्नड आणि बाहेर मराठी असलेली कुटुंबं पुष्कळ आहेत. घाबरल्यावर तोंडातून आईची भाषा निघत असेल तर वचनही त्याच भाषेत असू द्या.

वचन स्वतःसाठी झालं. समोरच्या माणसासाठी वेगळं वाक्य लागतं, आणि तेही आधी मोठ्यानं म्हणून बघावं लागतं. मित्राला: ‘नाही बे, मी सोडलंय ते. चहा पाजतोस तर चल.’ शेठजींना: ‘शेठ, मी हा माल आपला म्हणून विकू शकणार नाही. जिथला आहे तिथला म्हणून विकतो, गिऱ्हाईक मी पटवतो.’ लग्न ठरलेल्या मुलाला: ‘मला तुझ्यासोबत राहायचंय, पण लग्नाआधी खोलीवर यायचं नाही. बागेत बसू.’ लांबलचक कारणं देऊ नका. कारण दिलं की समोरचा ते खोडून काढतो; ‘नाही’ला खोडता येत नाही.

जमेल तिथं नकारासोबत दुसरी वाट सुचवा, बाबेलच्या राजदरबारातल्या दानीएलासारखी. त्यानं राजाचं अन्न नाकारताना कारभाऱ्याला अडचणीत टाकलं नाही. दहा दिवस आम्हांला शाकभाजी आणि पाणी देऊन बघा, म्हणाला. नोकरी टिकवून प्रामाणिक राहायचं तर दानीएलाच्या पुस्तकाचा हा पहिला अध्याय उपदेशापेक्षा जास्त उपयोगी पडतो. कधी कधी मात्र दुसरी वाट नसतेच आणि नोकरी जाते. योसेफही खरं वागून तुरुंगातच गेला होता. हे तरुणांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या फटक्यालाच विश्वास डळमळतो.

चौथी पायरी: क्षण आलाच तर

इथं फार बोलण्यासारखं नाही. उठा आणि जागा सोडा. वासनेशी वाद घालत बसू नका. पौल जारकर्मापासून पळा असंच सांगतो (१ करिंथ ६:१८). खोलीतून बाहेर या, दिवा लावा, तोंडावर पाणी मारा, आई-वडील बसलेत तिथं जाऊन बसा, नाहीतर चपला घालून रस्त्यावर चालायला लागा. ओढ चढते तशी उतरतेही, पण त्याच जागी बसून राहिलं तर उतरायला फार वेळ लागतो. चालता चालता पाठ केलेलं वचन म्हणा, किंवा प्रभूच्या प्रार्थनेतलं एकच वाक्य: आम्हांस परीक्षेत आणू नको. मग ठरलेल्या माणसाला फोन करा.

पहिल्या करिंथकरांस पत्रात (१०:१३) देव परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही करील असं आश्वासन आहे. तो उपाय पुष्कळदा अगदी साधा असतो: नेमकी त्याच वेळी वाजलेली दाराची बेल, किंवा बहिणीची हाक. चिडू नका, दार उघडा.

पाचवी पायरी: एक माणूस गाठा

एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं याकोब सांगतो (५:१६). कॅथलिक बंधुभगिनींना यासाठी पापनिवेदनाचा संस्कार आहे, आणि ऐकणाऱ्या धर्मगुरूवर गुप्ततेचं कडक बंधन असतं. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती घडी बसलेली नाही, म्हणून माणूस पारखून निवडावा लागतो.

पारख कशी करायची? तो दुसऱ्यांची गुपितं तुम्हांला सांगतो का, हे आधी पाहा. सांगत असेल तर तुमचंही उद्या बाहेर जाईल, आणि तेही ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून. प्रार्थना सभेत डोळे मिटून जितकी बदनामी होते तितकी चहाच्या टपरीवर होत नसेल! माणूस तुमच्याच लिंगाचा असावा, तुमच्यापेक्षा थोडा पुढे गेलेला असावा, आणि तुमच्यावर ज्याची सत्ता चालते असा नसावा. नोकरी देणारा, भाडं घेणारा, लग्न जमवणारा, हे तिघे टाळा. पाळकसाहेब चांगले असतील तर उत्तम, पण ते एकटे किती जणांना पुरणार?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी भेटा. पार्क चौकात चहा घेत उभं राहून झालं तरी चालतं. प्रश्न ठरलेले ठेवा: या आठवड्यात कधी कठीण गेलं? सोय मोडली होती ती परत उभी राहिली का? पैशाबाबत काही लपवलं का? आणि शेवटचा: आत्ता मला खोटं सांगितलंस का? ऐकणाऱ्यानं ‘छे छे’ करायचं नाही आणि ‘सगळ्यांचंच असं होतं’ म्हणून गुंडाळायचंही नाही. गलतीकरांस पत्र सांगतं की चुकलेल्याला सौम्यतेनं ताळ्यावर आणा, आणि तुम्हीही मोहात पडू नये म्हणून स्वतःकडे लक्ष द्या.

लग्न झालेल्यांनी हे काम जोडीदारावर टाकू नये. तिच्यापासून किंवा त्याच्यापासून लपवायचं नाही, हे खरं. पण बायकोला रोज फोन तपासणारी पोलीस बनवलं की संसारातला गोडवा जातो. आणि फोन तपासला जातो म्हणून सांभाळलेलं पावित्र्य तपासणी थांबली की ओसरतं.

सहावी पायरी: जागा भरा

मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशू एका रिकाम्या घराबद्दल बोलतो. अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून सुशोभित झालं, पण रिकामंच राहिलं; तेव्हा तो सात आणखी घेऊन परत आला. सवय सोडली की दिवसात एक पोकळी पडते, साधारण तेवढ्याच वेळाची. तिथं काय ठेवायचं ते ठरवा. इफिसकरांस पत्रात चोराला नुसतं ‘चोरी सोड’ म्हटलेलं नाही. हातांनी कष्ट कर, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल, असं म्हटलंय (४:२८). घ्यायची सवय जाते ती द्यायच्या सवयीनं.

रविवारची दुपार रिकामी जात असेल तर संडे स्कूलच्या पोरांना शिकवा, किंवा सिव्हिल हॉस्पिटलात कुणी आजारी असेल त्याला डबा पोहोचवा. रात्र जड जात असेल तर संध्याकाळी शरीर दमेल असं काहीतरी करा. आठवड्यातून एका जेवणाचा उपास करून बघा. पोटाला ‘थांब’ म्हणायची सवय लागली की इतर ठिकाणीही तो शब्द तोंडात येतो. पण उपास करून चिडचिड घरच्यांवर काढत असाल तर जेवा.

पडल्यावर

पडाल. हे परवानगी म्हणून सांगत नाही, तयारी म्हणून सांगतो. पडल्यानंतरचा पहिला तास सगळ्यात धोक्याचा, कारण लाजेपोटी माणूस देवापासून लपतो आणि लपलेल्या जागी पुन्हा पडतो. नाथान संदेष्ट्यानं बोट दाखवल्यावर दावीदानं कारणं दिली नाहीत; त्या वेळचं म्हणून ५१ वं स्तोत्र ओळखलं जातं. ते मोठ्यानं वाचा. मग पहिल्या योहानाचं १:९: आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, म्हणून क्षमा करतो आणि शुद्ध करतो. त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, आपल्या ठरलेल्या माणसाला कळवा. दुसऱ्या दिवशी वही काढा आणि कुठली सोय राहून गेली होती ते शोधा.

दुसऱ्याचं नुकसान झालं असेल तर प्रार्थनेवर भागत नाही. जकातदार जक्कयानं फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हटलं, तेव्हा येशूनं त्याला ‘राहू दे, क्षमा झाली’ असं म्हटलं नाही. कापलेली मजुरी परत करा, खोटं बिल दुरुस्त करा, ज्याची बदनामी केली त्याच्या तोंडावर जाऊन कबूल करा.

पोर्नोग्राफी, दारू किंवा जुगार वारंवार प्रयत्न करूनही सुटत नसेल, झोप-जेवण-काम बिघडत असेल, किंवा जीव द्यायचे विचार येत असतील, तर प्रार्थनेसोबत उपचारही घ्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक वैद्यही होता.

आणि एक गोष्ट या लेखात इतर सगळ्यांपासून वेगळी ठेवायची आहे. वरिष्ठानं, नातेवाइकानं किंवा मंडळीतल्या कुणी जबरदस्ती केली असेल, तर तो तुमचा मोह नव्हता आणि तुमचं पाप तर नव्हतंच. तिथं ‘क्षमा कर, मंडळीचं नाव जाईल’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. दहा किंवा जास्त माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. पीडित अठरा वर्षांखालचं मूल असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असणाऱ्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे, मग तो पाळक असो की पंच कमिटीचा सदस्य. न कळवणं हाच गुन्हा ठरतो. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

आई-वडिलांसाठी

मुलांना हे सगळं कधी सांगायचं, असं पालक विचारतात. फोन हातात देण्याच्या आधी. ‘एखादं चित्र अचानक समोर आलं तर फोन उलटा ठेव आणि मला येऊन सांग, मी रागावणार नाही’, एवढं वाक्य आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही कळतं. मग खरंच रागावायचं नाही. पहिल्यांदा आल्यावर ओरडा बसला तर पोर दुसऱ्यांदा तुमच्याकडे येणार नाही. मुलीला जे नियम, तेच मुलाला. रात्री दोघांचेही फोन त्याच फळीवर, आणि आई-वडिलांचेही.